कंसातलं नाव

सही म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न ऋषिमुनींना पडला नाही. त्या काळी बँका नव्हत्या, म्हणून निभावलं. आम्हां कारकुनांना तो रोज पडायला हवा. पण विचार करीपर्यंत पुढचं व्हाउचर येतं.

सांगलीच्या आमच्या ताईचा मुलगा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे. तो दिवसभर 'गिट, गिट' करतो. ताईला आधी वाटलं, पोरगं गीतेला लागलं! हे गिट म्हणजे लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या गृहस्थांनी 2005 साली रचलेली हिशेबवही. प्रोग्रॅममध्ये कुणी, कधी, काय बदललं, ते तीत राहतं. एकानं बदल करायचा, दुसऱ्यानं तपासून 'ठीक' म्हणायचं. म्हणजे धंदा आमचाच. पगार तेवढा वेगळा.

पण कधी कधी एका दप्तराच्या पोटात दुसरं दप्तर ठेवतात. बाहेरचं दप्तर आतला मजकूर उतरवून घेत नाही. आतल्या नोंदीचा चाळीस अक्षरी नंबर तेवढा टिपून ठेवतं. आत हजार ओळी बदलोत, तपासणाऱ्यापुढे येतं एवढंच: जुना नंबर गेला, नवा आला. आत डोकावायची सोय आहे, पण ती मुद्दाम मागावी लागते. आणि जेवणाची सुट्टी तोंडावर आली असता मुद्दाम कोण काय मागतो?

"मामा, मी त्या एका नंबराला 'ठीक' म्हटलं, तर आतल्या हजार ओळींची जबाबदारी कुणाची?" भाच्यानं विचारलं.

"बाबा रे, हे कोडं आपल्या तलाठ्याला केव्हाचं ठाऊक आहे."

सातबारा काढून बघा. मजकूर असतो फेरफाराच्या वहीत, म्हणजे गाव नमुना सहामध्ये. तलाठी नोंद धरतो, संबंधितांना नोटिसा जातात, मंडल अधिकारी ती प्रमाणित करतो. सातबाऱ्यावर मात्र जुनं नाव कंसात जातं आणि फेरफाराचा नंबर येतो. त्या नंबरामागे खरेदी असेल, वाटणी असेल, किंवा भाऊबीजेचं ताट वाढून बहिणीकडून घेतलेलं हक्कसोडपत्रही असेल. नंबर सगळे सारखेच सज्जन दिसतात.

उलटही घडतं. 1949 साली तासगाव, वाळव्यासारखे साताऱ्याचे तालुके आणि सांगली, मिरज, जतसारखी संस्थानं मिळून 'दक्षिण सातारा' जिल्हा झाला. 1960 साली त्याचं नाव सांगली झालं. वाळव्याचा शेतकरी बसल्या जागी सातारकराचा सांगलीकर झाला, पण त्याचा बांध तसूभर हलला नाही. तेव्हा पुठ्ठ्यावरून आतलं काही कळत नाही, हेच खरं.

मग काय सगळंच उघडून वाचायचं? तसं केलं तर गिऱ्हाइकं बँकेतच मुक्कामाला येतील. विश्वासावाचून बँक काय, प्रपंचसुद्धा चालत नाही. पण विश्वास ठेवायचा तो माणसावर, नंबरावर नव्हे. आत कुणी तपासलं, कशासाठी बदललं, आणि तपासला तो हाच नंबर का, एवढं तरी विचारावं. उत्तर मिळालं नाही तर दप्तर उघडावं. आणि कुणाचं नाव कंसात जाणार असेल, तर उत्तर मिळालं तरी उघडावं. कारण सही असते ती 'मी पाहिलं' याची. 'मला दाखवलं' याची नव्हे.

भाच्याला हे पटलं. ताई इतका वेळ शेंगा सोलत ऐकत होती. ती म्हणाली, "काय रे, साताऱ्याच्या आपल्या जमिनीवर माझं नाव आहे ना?"

"आहे की, ताई. कंसाबाहेर आहे."

"तू पाहिलंस, की तुला दाखवलं?"