पाखराचा शब्द आणि चित्ताची समता



"कान हे इंद्रिय, आणि पाखराचा गोड शब्द हा त्या कानाचा विषय. मग गळ्यात तुळशीची माळ असलेल्या माणसाने सकाळी पाखरे ऐकत बसणे हे विषयसेवनच नव्हे काय? तेवढा वेळ नामात का घालवू नये?" अशी शंका साधक मंडळी नेहमी काढतात. शंका प्रामाणिक आहे, तेव्हा तिचा विचार केला पाहिजे.

आम्ही दहिसरकर. पूर्वेला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे रान, पश्चिमेला खाडी आणि तिवरे. तुळशी तलावाकडून निघालेली दहिसर नदी रानातून उतरते, वस्तीतून वाहते आणि खाडीस मिळते. मध्ये लोकलचा धडधडाट, गाड्यांचे भोंगे, आणि २०२२ पासून डोक्यावरून धावणारी मेट्रो. अशा जागीही उन्हाळ्यात पहाटे दयाळ शीळ घालतो, आणि भर दुपारी तांबट ठोके देत बसतो. तांब्याचे भांडे ठोकावे तसा त्याचा टुक्-टुक् शब्द, म्हणून तर त्याचे नाव तांबट! मिनिटाला शंभराच्या आसपास ठोके. ना घाई, ना कंटाळा. जपाची माळ ओढणाऱ्याला ही संगत परकी वाटू नये.

आता मुख्य मुद्दा. विषय बाधतो तो गोड असतो म्हणून नव्हे. "हे माझेच व्हावे, पुन्हा मिळावे, दुसऱ्यास न मिळावे," अशी ओढ तो लावतो, म्हणून बाधतो. पाखराचा शब्द चाळीत आणि बंगल्यात सारखाच ऐकू येतो. आला तर आनंद, थांबला तर तक्रार नाही. मात्र तोच शब्द आपल्या घरी राहावा म्हणून कोणी पोपट पिंजऱ्यात कोंडला, की आनंद संपला आणि विषय सुरू झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने देशी पोपट पाळण्यास मनाई आहेच. पण माळकऱ्यास त्यासाठी कायदा कशाला लागावा?

गीतेने समत्वास योग म्हटले, आणि ज्ञानोबांनी शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरीतून तो अर्थ मराठी माणसाच्या पदरात घातला. पण समता म्हणजे कोरडेपणा नव्हे. दगडाला दुःख नसते, तसे सुखही नसते. म्हणून त्याला कोणी स्थितप्रज्ञ म्हणत नाही! तुकोबांनी दुष्काळात बायको गमावली, मुलगा गमावला. तरी रानातल्या एकांतात झाडेपाखरे त्यांना नात्यागोत्याची वाटली. दुःख पोटात असूनही कान उघडे राहिले, हीच समतेची खूण.

आजचे अभ्यासकही याच वाटेने आले आहेत. लंडनच्या किंग्ज कॉलेजातील संशोधकांनी २०२२ साली सुमारे १३०० लोकांच्या रोजच्या नोंदींवरून दाखवले, की पाखरे दिसली वा ऐकू आली तर मनाला बरे वाटते आणि तो परिणाम काही तास, आठ तासांपर्यंतही, टिकतो. मनाने खचलेल्या लोकांतही तो दिसला.

येथे एक पथ्य मात्र पाळावे. २६ जुलै २००५ च्या पुरात ही नदी कितीकांच्या घरात शिरली. अशा वेळी भिजलेल्या माणसाला, "पाखरे ऐका, बरं वाटेल," असे सांगणे हा निर्दयपणा होय. तेथे आधी भाकरी, कोरडे वस्त्र आणि जवळ बसणे. समता आपण आपल्यापुरती साधावी, दुसऱ्याला उपदेश करायला ती नाही.

आणि पाखरू काही आपल्यासाठी गात नाही, बरं का! दयाळ गातो तो आपली हद्द राखण्यासाठी आणि जोडीदारणीसाठी. कोकिळा तर आपले अंडे कावळ्याच्या घरट्यात घालते. सृष्टी केवळ गोड नाही. पण म्हणूनच तिचा उपयोग होतो. आपल्याच दुःखाभोवती जग फिरते, असे मनाला वाटत असते. आपली दखलही न घेणारा तो शब्द ऐकला, की ती गाठ थोडी सैल होते.

तात्पर्य, नाम सोडू नये. काकडा आटोपला, की मोबाइल हाती घेण्याआधी घटकाभर खिडकीशी बसावे. तांबटाचा ठोका ऐकू आला, तर त्या ठोक्यावर विठ्ठलाचे नाव घ्यावे. मग कोठे कान संपला आणि कोठे नाम सुरू झाले, हा वाद उरणार नाही.

रामकृष्णहरी!