अडीच तास, तीन ओळी

मी पनवेलच्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी कुणी कोकणी बोलते, कुणी दखनी, कुणी उत्तरेकडून आलेली हिंदुस्तानी. मराठी त्यांच्या कानावर बाजारात, एस. टी. स्टँडवर, दवाखान्यात पडते. पण मराठीत कविता लिहिण्याची वेळ त्यांच्यावर सहसा येत नाही. ती वेळ मी आणली, आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो मला अजून सोडत नाही. प्रश्न असा : ज्या कलाकृतीवर आपले प्रेम आहे ती दोन-तीन ओळींत सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का? आणि सांगताना जे गाळले त्याचा हिशेब कुणाला द्यायचा?

झाले ते असे. आठवीच्या वर्गाला मी ‘श्यामची आई’ हा चित्रपट दाखवायचे ठरवले. साने गुरुजींचे पुस्तक 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. त्यावर आचार्य अत्र्यांनी 1953 साली चित्रपट काढला, आणि 1954 साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच मराठी चित्रपटाला मिळाले. मुलांना काळ्या-पांढऱ्या चित्रपटाची सवय नाही. शिवाय ‘हा आपला सिनेमा नाही’ असे त्यांना वाटू नये म्हणून मी दोन गोष्टी आधी सांगितल्या. एक, साने गुरुजी कोकणातलेच, पालगडचे. त्यांचे राष्ट्रीय स्मारक आपल्याच रायगड जिल्ह्यात, माणगाव तालुक्यातल्या वडघरला आहे. आणि ‘इस्लामी संस्कृती’ या नावाने हजरत पैगंबरांचे चरित्र मराठीत लिहिणारे गुरुजी हेच. दुसरी, आईचे काम करणाऱ्या वनमालाबाईंनीच 1941 सालच्या सोहराब मोदींच्या ‘सिकंदर’मध्ये इराणची रुखसाना रंगवली होती. रुखसाना म्हटल्यावर मुली सावरून बसल्या.

चित्रपट सुमारे अडीच तासांचा. आम्ही तो दोन दिवसांत पाहिला. त्याआधी पुस्तकातला श्यामच्या तळपायांचा प्रसंग मी वर्गात वाचून दाखवला होता. अंघोळ झाल्यावर ओल्या तळपायांना माती लागेल म्हणून श्याम हट्ट करतो, आणि आई धोंड्यावर आपल्या लुगड्याचे ओचे पसरते. त्यावर पाय टेकून, कोरडे करून श्याम पुढे जातो. मग आई त्याला सांगते की पायांना घाण लागू नये म्हणून जपतोस, तसेच मनालाही जप. ‘ओचे’ हा शब्द मुलांना कळला नाही. मी ‘पदर’ म्हणून सांगितले आणि पुढे गेलो.

चित्रपट संपल्यावर निबंध लिहून घ्यावा असा पहिला विचार होता. पण निबंध मुले मार्गदर्शिकेतून उतरवतात. तेव्हा मला शिरीष पै आठवल्या. जपानी हायकू मराठीत रुजवला तो त्यांनी, आणि त्या आचार्य अत्र्यांच्या कन्या. वडिलांचा सगळा कारभार मोठा : दैनिक ‘मराठा’, तासन्‌तास रंगणारी भाषणे, ‘कऱ्हेचे पाणी’ हे अनेक खंडांचे आत्मचरित्र. 2017 साली निधन पावलेल्या मुलीने मात्र मराठीला तीन ओळींची कविता दिली. वडिलांचा चित्रपट आणि मुलीचा आकार! मी मुलांना सांगितले, “हा चित्रपट तीन ओळींत लिहा. यमक जुळले तर ठीक, नाही जुळले तरी चालेल.” पाच गुण ठेवले.

बहुतेकांनी लिहिले की आई थोर असते, आईची सेवा करा, आईच्या पायाखाली जन्नत आहे. यात चूक काही नव्हते. मी चार-चार गुण दिले. एका मुलाने लिहिले :

धोंड्यावर पदर
ओले पाय टेकले
पदर कोणी धुतला?

मी त्याला दोन गुण दिले आणि लाल शाईने शेरा मारला : “बोध लिहा.”

दुसऱ्या दिवशी तो वही घेऊन आला. रागावलेला नव्हता, त्याला खरोखर कळले नव्हते. म्हणाला, “सर, बोध तर श्यामची आई स्वतःच सांगते. मी परत कशाला सांगू? पदराचं कुणीच सांगत नाही.” मी विचारले, “तुला हे सुचलं कुठून?” तो म्हणाला, “आमच्या बिल्डिंगमध्ये एक दिवसाआड पाणी येतं. अम्मी आधी कपडे बघते, मग पाणी बघते.”

मी त्याला वर्गात जायला सांगितले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

मधल्या सुट्टीत मी ही हकिकत आमच्या शाळेतल्या एका ज्येष्ठ आपांना सांगितली. त्या उर्दू शिकवतात आणि त्यांचे मत नेहमी ठाम असते. त्या म्हणाल्या, “दोन गुण दिलेत तेही जास्तच. अडीच तासांच्या चित्रपटातून एक ओला कपडा उचलायचा आणि बाकी सगळं टाकून द्यायचं? त्यातली गरिबी, आईचं मरण, तिची शिकवण? एवढी मोठी गोष्ट आपल्या हातात दिली जाते ती अमानत असते. अमानतीतून आपल्याला आवडलेलं नाणं ठेवून बाकीची फेकून देत नाहीत.”

अमानत हा शब्द मला लागला. आपल्याकडे त्याला वजन आहे. दुसऱ्याची वस्तू जशी घेतली तशी परत करायची, त्यात कमी-जास्त करायचे नाही. या मापाने पाहिले तर कुठल्याही कलाकृतीचा संक्षेप ही खयानतच ठरते. तीन ओळींत चित्रपट मावत नाही हे उघड आहे. चित्रपटातले चेहरे, वसंत देसाईंचे संगीत, माधव वझे या मुलाच्या डोळ्यांतले पाणी, यातले काहीही तीन ओळींत येणार नाही. मग अशी कविता लिहिणे हा अप्रामाणिकपणा आहे का?

मी बराच विचार केला. उर्दूच्या संगतीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न नवा वाटायला नको. शेर दोन मिसऱ्यांचा असतो. मुशायऱ्यात शायर पहिला मिसरा दोनदा-तीनदा म्हणतो, ऐकणारे दुसऱ्याची वाट पाहतात, आणि दुसरा आला की शायराचे बोलणे संपते. पण ऐकणाऱ्याचे काम तिथून सुरू होते. तो शेर घरी घेऊन जातो आणि त्यात आपले मरण, आपले कर्ज, आपला विरह घालून पाहतो. शेरात जग मावते असे आपण म्हणतो ते खरे नाही. जग ऐकणाऱ्याजवळ असते. शेर त्याचे दार उघडतो.

इथे मला दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागल्या : सार आणि कविता. दोन्ही लहान असतात म्हणून आपण त्यांना एक समजतो. ‘आई थोर असते’ हे सार आहे. ते वाचल्यावर चित्रपट पाहण्याची गरज उरत नाही. ते सांगते की एवढेच होते, आता पुस्तक मिटा. ‘पदर कोणी धुतला?’ ही ओळ वाचल्यावर मात्र चित्रपटाकडे परत जावे लागते. साराने अमानत आपल्याजवळ ठेवून घेतली आणि तिच्या बदल्यात एक पावती दिली. या मुलाच्या ओळींनी अमानत ज्याची होती त्याच्याकडे परत पाठवली.

हे मी नुसते तर्काने म्हणत नाही. त्या रात्री मी पुस्तक पुन्हा काढले आणि तो प्रसंग वाचला. वर्गात वाचताना मी घाईने बोधाच्या वाक्याकडे गेलो होतो. या वेळी थांबत वाचले. आईचे लुगडे ओले झाले याची मोठेपणी गोष्ट सांगणाऱ्या श्यामला जाणीव आहे. लहानपणी आपण त्याची पर्वा केली नाही, ही खंतही आहे. म्हणजे तो पदर गुरुजी विसरले नव्हते. विसरलो होतो मी, आणि माझ्याकडून शिकून चार-चार गुण मिळवणारी मुले. ज्याला मी दोन गुण दिले त्याने गुरुजींनी ठेवलेली गोष्टच उचलली होती. फक्त खंतीच्या जागी त्याने प्रश्न ठेवला.

वाचक म्हणतील, एका मुलाच्या तीन ओळींवर एवढा विचार कशाला? चारोळ्या आता सगळीकडे झाल्या आहेत. चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’नंतर वह्यांच्या पाठपानांवर, आणि पुढे मोबाइलवर, दर माणसाची एक चारोळी फिरू लागली. खरे आहे. पण थोडक्यात सांगणे ही फक्त कवितेची बाब नाही. आपण माणसांनाही थोडक्यात सांगतो. आपल्या समाजाला याचा अनुभव कमी नाही. हिंदी चित्रपटांनी वर्षानुवर्षे आपल्याला एका शेरवानीत, एका कव्वालीत किंवा एका जीव देणाऱ्या मित्रात बसवले. बाहेरचे लोक आपल्याबद्दल एका वाक्यात बोलतात तेव्हा आपल्याला त्रास होतो. ते वाक्य लहान असते हे त्रासाचे कारण नाही. ते वाक्य बंद असते. त्यात प्रश्नाला जागा नसते. आणि खरे बोलायचे तर आपणही इतरांबद्दल अशीच बंद वाक्ये वापरतो. घरातल्या बायकांबद्दल तर फारच. ‘आईच्या पायाखाली जन्नत’ म्हणताना मी आईच्या पायांकडे कधी पाहिले होते? टाचांच्या भेगा मोजल्या होत्या? गौरव हासुद्धा एक संक्षेप असतो. आईला थोर म्हटले की तिच्या कामाचा हिशेब द्यावा लागत नाही.

म्हणून आपांच्या आक्षेपाला माझे उत्तर असे आहे. गाळणे हा गुन्हा नाही. गाळल्याशिवाय कुणीच काही सांगू शकत नाही. स्वतः अत्र्यांनीही पुस्तकातल्या बेचाळीस रात्रींमधून निवड केलीच. हिशेब द्यायचा तो एवढ्याचा की गाळल्यानंतर जे उरले त्याने बाकीच्याकडे जाण्याची वाट उघडी ठेवली की बुजवली. वाट उघडी असेल तर तीन ओळीही इन्साफ करतात. बुजवली असेल तर तीनशे पानेही कमी पडतात.

आपांना हे सांगितले तेव्हा त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग बाकीच्या चाळीस पोरांचे चार-चार गुण कापणार का?” मी कापले नाहीत. त्यांनी मी शिकवलेलेच लिहिले होते. दोष शिकवण्याचा होता. त्या मुलाचे दोन गुण मी खोडून पाच केले आणि लाल शाईच्या शेऱ्यावर रेघ मारली. त्याला म्हणालो, “चूक माझी होती.” तो संकोचला. शिक्षकाने असे म्हणणे त्याला गैरसोयीचे वाटले असावे.

एक गोष्ट राहिली. जुम्म्याच्या नमाजला मी मशिदीत वुजू करत होतो. वुजूत पाय सर्वांत शेवटी धुतले जातात. पाय धुऊन उठलो तेव्हा अंगावरचा पांढरा कुर्ता माझ्या ध्यानात आला. बी. एड. करत होतो तेव्हापासून दर जुम्म्याला हा कुर्ता मला दांडीवर वाळलेला, घडी केलेला मिळतो. माझे वय आता पस्तीसच्या पुढे आहे. इतक्या वर्षांत मी तो कोणी धुतला हे विचारले नव्हते, कारण उत्तर मला ठाऊक होते. आणि उत्तर ठाऊक असले की माणूस प्रश्न विचारत नाही.

पुढच्या गुरुवारी रात्री तो कुर्ता मी स्वतः धुतला. सकाळी अम्मीने दांडीवरून काढला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाली, “कॉलर नीट घासली नाहीस.”