परिक्रमेचं गाठोडं

हा अंक आपल्या हाती पडेल तोवर कार्तिकी एकादशीनंतर संकल्प केलेले परिक्रमावासी नर्मदातीरावर बरेच पुढे गेलेले असतील. मैया उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही, दोन्ही तीर मिळून अडीच हजार किलोमीटरांहून अधिक वाट. गरुडेश्वरी श्रीमत् वासुदेवानंद सरस्वती टेंबेस्वामी महाराजांची समाधी असल्यामुळे आपल्या दत्तभक्तांना ही वाट विशेष आपुलकीची. निवृत्तीनंतर पायी निघणारेही पुष्कळ. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बरोबर काय न्यायचं?

प्रश्न दुकानातल्या यादीसारखा दिसतो, पण तो धर्माचा आहे. संसारी माणसाला "असू दे, कधीतरी लागेल" ही सवय. त्यापायी जादा कपड्यांचे जोड, उशी, फराळाचे डबे पिशवीत जातात. खांदे दुखायला लागले की चौथ्या दिवशी एकेक वस्तू वाटेतल्या आश्रमात ठेवली जाते. अवधूतांनी कुरर पक्ष्याला गुरू केलं, ते आठवावं. चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बाकीचे पक्षी त्याला टोचत राहिले. तुकडा टाकला आणि तो सुटला.

पण दुसऱ्या टोकाला जाणारेही असतात. "मैया सगळं देते, मग कशाला काही न्यायचं?" असं म्हणून एका पंचावर निघायचं. ऐकायला मोठं वाटतं. पण जरा विचार करू या. मैया देते म्हणजे कोण देतं? तीरावरचा शेतकरी देतो, छोट्या आश्रमातला सेवेकरी देतो, शूलपाणीच्या झाडीतलं एखादं आदिवासी घर देतं. पौषातल्या थंडीत आपण विनापांघरुणाचे दारात उभे राहिलो, तर तो नाही म्हणणार नाही. घरातलं एक पांघरूण काढून देईल, आणि त्या रात्री त्याच्या घरातलं कोणीतरी कुडकुडेल. मग त्याग कोणाचा झाला? आपला की त्याचा?

यावर कोणी म्हणेल, अवधूतांचा अजगरही गुरूच होता ना? तो कुठे साठवतो? खरं आहे. पण भागवतातला अजगर मिळालं तर खातो आणि नाही मिळालं तर उपाशी पडून राहतो; कोणाच्या दारी जात नाही. ही दुसरी बाजूही पाळायची तयारी असेल, त्यानेच अजगराचं नाव घ्यावं. टेंबेस्वामी महाराज पायी फिरले ते दंड-कमंडलू घेऊन. पण ते संन्यासी होते. रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या गृहस्थाने त्यांच्या सामानाची नक्कल केली, म्हणून त्यांचं वैराग्य त्याच्या अंगी येत नाही.

मग मोजमाप कोणतं लावावं? प्रत्येक वस्तू हातात घेऊन एकच विचारावं: ही नसली तर त्रास कोणाला होईल? फक्त मला थोडी गैरसोय होणार असेल तर ती घरी ठेवावी. दुसऱ्याला भुर्दंड पडणार असेल तर ती घ्यावी.

या कसोटीवर औषधं आलीच, तीही चिठ्ठीसकट. अंगावरचा एक आणि धुवायचा एक, असे सुती किंवा लवकर वाळणारे दोन जोड पुरतात. जाड टॉवेलपेक्षा पंचा बरा. वजनाला हलका, वाळायला सोपा. एक उबदार पांघरूण, स्वेटर, कानटोपी हवीच, कारण अमरकंटककडे थंडी कडक असते. अंथरायला चटई, ताट-पेला, बॅटरी, सुईदोरा. सगळं मिळून आपल्या वजनाच्या दहाव्या हिश्शात बसवावं. साठ किलोच्या माणसाने सहा किलो. साबणाचा मोह नको. लावायचाच तर नदीपासून दूर, बादलीत. कारण इथे त्रास होणारी मैया आहे.

बुटांचा प्रश्न नाजूक आहे. अनवाणी चाललं की पुण्य जास्त, असं अनेकांना वाटतं. ज्याच्या पायांना जन्माची सवय आहे त्याने जरूर चालावं. पण ज्याचे पाय चाळीस वर्षं ऑफिसच्या टेबलाखाली गेले, त्याला तिसऱ्या दिवशी फोड येतात. मग सोबती थांबतात, आणि एका रात्रीच्या मुक्कामाच्या जागी आठ दिवस आसन अडवलं जातं. मागून आलेल्या मूर्तीला जागा कोण देणार? चालून पाय सुजतात, म्हणून बूट किंचित सैल घ्यावेत. महिनाभर आधी घालून रोज चालावं. नवे कोरे बूट घालून निघू नये. हीसुद्धा साधनाच आहे, आणि ती घरापासून सुरू होते.

एवढी तयारी करूनही मागावं लागेलच. सदावर्त घ्यावं लागेल, रात्रीचा आसरा मागावा लागेल, आणि ते मागायला शिकणं हाच परिक्रमेचा मोठा लाभ आहे. अवधूतांनी भुंग्याकडून हेच घेतलं: अनेक फुलांकडून थोडं थोडं, कोणत्याही फुलाला इजा न करता. माधुकरी तीच. पण जे आपण सहज आणू शकलो असतो ते दुसऱ्याकडून मागणं, ही माधुकरी नव्हे.

ज्यांना गुडघ्यांमुळे आता परिक्रमा जमणार नाही त्यांनीही ही कसोटी घरच्या कपाटाला लावून पाहावी. तिथेही "असू दे, लागेल" म्हणून पडलेलं पुष्कळ असतं. त्यातली एखादी चांगली घोंगडी, एखादा स्वेटर या थंडीत निघणाऱ्या कोणाच्या तरी गाठोड्यात ठेवता येईल. तीरावरच्या एका घरातलं पांघरूण तरी त्यामुळे त्या घरातच राहील.

नर्मदे हर! श्रीगुरुदेव दत्त!