प्रतिनिधि कोणाचा?

लोकांनीं निवडून दिलेला प्रतिनिधि सभागृहांत बोलतो तो कोणाच्या वतीनें? ज्या मतदारांनीं त्यास पाठविलें त्यांच्या, कीं सर्व राष्ट्राच्या? एडमंड बर्क यानें 1774 सालीं ब्रिस्टलच्या मतदारांस बजावलें कीं, सभासदाची निवड तुमची खरी, पण निवडून आल्यावर तो ब्रिस्टलचा न राहतां पार्लमेंटचा होतो. हें मत उदात्त आहे. जो तो आपल्या गांवचा पूल आणि पाट मागूं लागला तर राष्ट्राचा विचार कोणी करावयाचा?

परंतु यवतमाळ जिल्ह्यांतील वणी तालुका पाहिला म्हणजे ह्या सिद्धांताची उणी बाजू ध्यानांत येते. येथें काळ्या जमिनींत कापूस पिकतो व तिच्या खालीं कोळसा सांपडतो. उकणी, निलजई येथल्या उघड्या खाणी वेस्टर्न कोलफील्ड्स ही सरकारी कंपनी चालविते. कोळसा बाहेर जातो, त्याची वीज होते, दूरचीं शहरें उजळतात. मागें राहते ती धूळ आणि खाणींतून उपसलेल्या मातीचे डोंगर. वेचणीच्या दिवसांत बोंडावर ही धूळ बसली कीं कापसाची प्रत उतरते आणि भावहि उतरतो.

2009 च्या निवडणुकीपासून हा तालुका लोकसभेच्या चंद्रपूर मतदारसंघांत मोडतो. तेथील तत्कालीन खासदार हंसराज अहीर यांनीं कोळसा खाणींच्या वाटपाबद्दल तक्रार लावून धरली होती. पुढें 2014 सालीं सर्वोच्च न्यायालयानें 1993 पासूनचीं बहुतेक वाटपें रद्द केलीं. कोळशाच्या मुलखांतील सभासदानें उचललेला प्रश्न सर्व देशाचा ठरला, तो त्यांत कोट्यवधि रुपये गुंतले होते म्हणून. मग बोंडावरील धूळ तेवढी स्थानिक कां? प्रश्नाची थोरवी पैशावर मोजावयाची, कीं माणसाच्या हानीवर?

कोणी म्हणेल, राष्ट्रास वीज हवी, तेव्हां कोणीतरी झळ सोसलीच पाहिजे. सोसावी, पण ती किती हें मोजल्यावांचून दुसऱ्यास ‘सोसा’ म्हणण्याचा अधिकार कोणासहि पोंचत नाहीं. आणि तें मोजमाप जेथें धूळ बसते तेथूनच यावयाचें. ह्या अर्थानें स्थानिक गाऱ्हाणें हें राष्ट्रहिताविरुद्ध नसून राष्ट्राच्या जमाखर्चांतील खर्चाची बाजू आहे. ती वाचून दाखविणारा प्रतिनिधि याचक नव्हे, साक्षीदार आहे.

अर्थात् साक्ष देऊन भागत नाहीं. वेल्समधील अबरफॅन ह्या खाणगांवीं शाळेच्या वर डोंगरावर खाणीची माती रचली जात असे. हा ढीग घसरला तर शाळेवर येईल, अशी भीति ग्वेनेथ विल्यम्स ह्या नगरसेविकेनें 1964 सालींच सभेंत बोलून दाखविली होती. 21 ऑक्टोबर 1966 रोजीं तो घसरला; 116 मुलें व 28 प्रौढ माणसें गेलीं. तेथें बोलणारी होती, ऐकून कृति करणारे नव्हते. म्हणून प्रतिनिधि कोणाचा, ह्या प्रश्नाचें आमच्या मतें उत्तर असें: बोलतांना तो गांवाचा, आणि दुसऱ्या गांवाचा प्रतिनिधि बोलत असतां ऐकून घेण्यापुरता सर्व राष्ट्राचा. बर्कची अपेक्षा खऱ्या अर्थानें पाळावयाची ती ऐकणाऱ्यानें.