उघडें दार आणि दूरची वाट

जें साधन सर्वांच्या पैशानें उभें राहिलें तें सर्वांचें होय, हें तत्त्व आज कोणी नाकारीत नाहीं. पण ‘सर्वांचें’ ह्या शब्दाचें ओझें कोणीं वाहावयाचें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

नारायणगांवाजवळ खोडद येथें केंद्र असलेल्या रेडिओ-दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २००२ सालापासून देशोदेशींच्या संशोधकांस खुल्या आहेत. आपला प्रश्न लिहून पाठवावा. तज्ज्ञांच्या कसास तो उतरला, कीं वेधाचा वेळ मिळतो. मिळालेली माहिती १८ महिने त्या संशोधकाकडे राहते व मग सर्वांस मोकळी होते. अर्ज तोलला जातो तो प्रश्नाच्या गुणावर. न्याय म्हणतात तो हाच.

तथापि असा न्याय सिरोंच्याहून कसा दिसतो, तेंही पाहावें. प्राणहिता-गोदावरीच्या संगमाजवळच्या ह्या तालुक्यांतील कोटा येथें सांपडलेल्या माशाच्या जीवाश्माचें वर्णन १८५१ सालीं लंडनच्या भूविज्ञान-नियतकालिकांत आलें; त्या गांवाचें नांव पुढें एका खडकथरास मिळालें. त्याच थरांत, पण नदीपलीकडे, मिळालेल्या बारापासॉरस ह्या महाकाय डायनोसॉरचा सांगाडा १९७७ सालीं कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत उभा राहिला. तेथें तो सुरक्षित आहे, अभ्यासकांस तपासतां येतो. ह्यांत तक्रारीस जागा नाहीं. परंतु ज्या मुलाच्या पायांखालीं तो खडक आहे, त्यास खडकाला प्रश्न विचारावयास कोणीं शिकविलेंच नाहीं, तर खुल्या दाराचा त्यास उपयोग काय?

कोणी म्हणेल, यंत्राचा एकेक तास मोलाचा आहे. कच्च्या प्रश्नांवर तो उधळणें हा लोकांच्या पैशाचा अपव्ययच. हें खरें आहे, आणि म्हणून कसोटी सैल करूं नये. पण प्रश्न पक्का करण्याचें काम कसोटीच्या अलीकडचें आहे, आणि त्यांत यजमानानें हात दिला पाहिजे. पुण्यास १९८८ सालीं निघालेल्या ‘आयुका’ ह्या आंतरविद्यापीठीय केंद्रानें विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापकांस सहयोगी करून घेऊन हाच मार्ग धरला. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे; अशा दूरच्या विद्यापीठांशीं प्रत्येक मोठ्या प्रयोगशाळेनें असा संबंध जोडावा.

हा उपकार नव्हे. पावसानें नदीकांठचा कोणता उतार उघडा पडला, हें तेथील माणसास जितकें लवकर कळतें, तितकें दूरच्या पंडितास कळत नाहीं. पंगत सर्वांस मोकळी आहे एवढें म्हणून यजमानाचें काम संपत नाहीं; अक्षत घरोघर फिरवावी लागते.