स्फूर्ती आपली, भार कोणाचा?

चांगला चित्रपट पाहून माणूस आपल्या कामास अधिक निष्ठेने लागतो काय, हा प्रश्न आमच्या मंडळींत अलीकडे वारंवार निघतो. उद्यमबागेतील कारखान्यांत काम करणारी तरुण मुले अनगोळात घरोघरी आहेत. कोणी लेथवर उभा असतो, कोणी फाउंड्रीत साचे भरतो. अमुक चित्रपटाने आमच्या जीवनास वळण लावले, असे त्यांच्यापैकी कित्येकजण सांगतात. वडीलधाऱ्या मंडळींस ते खरे वाटत नाही. पडदा पांढरा झाला की सारे संपले, असे त्यांचे म्हणणे. आम्हांस मात्र हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही.

कारण आपल्या देशातील चित्रपटाचा धंदाच मुळी अशा एका स्फूर्तीतून उभा राहिला आहे. त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके हे एका शास्त्र्यांचे चिरंजीव. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्ताचे चरित्र चालले होते आणि त्यांच्या मनश्चक्षूंपुढे श्रीकृष्ण, श्रीरामचंद्र, गोकुळ व अयोध्या उभी राहात होती. आपल्या लोकांस आपल्या देवांची चित्रे पडद्यावर पाहावयास मिळतील काय, या विचाराने त्यांस झोप लागेना. त्या वेळी त्यांचे वय चाळिशीचे होते आणि छापखान्याचा धंदा सुटलेला होता.

एवढाच भाग सांगून थांबले म्हणजे चित्रपटाच्या स्फूर्तीचा मोठा विजय झाला असे वाटते. परंतु विचार करण्याजोगा भाग पुढेच आहे. फाळके यांनी पुन्हा पुन्हा चित्रपट पाहिले, यंत्रांची माहितीपत्रके मागविली, रात्रंदिवस अभ्यास केला. त्या श्रमाने त्यांची दृष्टी काही काळ गेली. आयुष्याच्या विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते विलायतेस गेले आणि कॅमेरा घेऊन आले. परत आल्यावर कुंडीत वाटाणा पेरून त्याचा अंकुर कसा वाढतो, याची चित्रे त्यांनी दिवसामागून दिवस टिपली, तेव्हा कोठे भांडवल घालणारा गृहस्थ मिळाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. एका रात्रीच्या स्फूर्तीस दोन वर्षांच्या राबणुकीची जोड मिळाली, तेव्हा हे घडले.

श्रीमद्भगवद्गीतेच्या रचनेकडे पाहिले तरी हेच ध्यानी येते. विश्वरूपदर्शनाहून मोठे दर्शन ते कोणते? परंतु ते अकराव्या अध्यायात होऊन जाते आणि त्यापुढे आणखी सात अध्याय भगवंतांस बोलावे लागतात. नुसत्या दर्शनाने भागत असते तर गीता तेथेच संपली असती.

येथे कोणी म्हणेल, फाळके यांनी तरी आपला जुना धंदा सोडलाच ना? मग आमच्या मुलाने कारखाना सोडला तर त्यास दोष का? हा आक्षेप योग्य आहे व त्याचे उत्तर देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमच्या परिचयाचा एक तरुण आहे. शून्यातून मोठा झालेल्या एका उद्योगपतीचा चित्रपट त्याने पाहिला आणि आठवड्याच्या आत चालू नोकरी सोडली. दुसऱ्याच्या हाताखाली राबण्यात पुरुषार्थ नाही, असे तो सांगू लागला. सहा महिने तो योजना आखीत घरी बसला. त्या सहा महिन्यांत त्याच्या धाकट्या बहिणीने महाविद्यालय सोडले व ती शिलाईच्या कामास जाऊ लागली. तिला कोणी विचारले नव्हते. घरात दळण आणावयास पैसे नव्हते, इतकेच तिला समजले होते. त्या तरुणाची स्फूर्ती खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. ती स्फूर्ती त्याची होती आणि तिचा भार मात्र बहिणीच्या खांद्यावर होता, हे आमचे म्हणणे आहे.

फाळके यांच्या घरीही भार वाटला गेलाच. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचे दागिने या कामी गेले. कोऱ्या फितीस कडेची छिद्रे पाडण्याचे काम अंधारात बसून त्या करीत आणि चित्रपटात काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाकही त्याच रांधीत. परंतु फाळके यांनी त्यांस हे नवे काम दाखविले, शिकविले, आपल्या धाडसात भागीदार केले. आणि स्वतः त्यांच्याहून कमी श्रम घेतले नाहीत. सोडलेल्या धंद्यापेक्षा अधिक कष्टाचे काम त्यांनी उचलले. कष्टाकडे जाणारी स्फूर्ती आणि कष्टापासून पळणारी स्फूर्ती यांतील भेद हाच होय.

परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा २००९ सालचा चित्रपट आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तो पाहून उमेद वाटते, आणि सरस्वतीबाईंस त्यात मानाचे स्थान आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु पहिल्या यशाच्या आनंदातच तो संपतो. त्यापुढे फाळके तीस वर्षे जगले. बोलपट आले, काळ पालटला आणि १९४४ साली नाशिक येथे ते निवर्तले, तेव्हा त्यांची पूर्वीची कीर्ती ओसरली होती. ही वर्षे कोणत्याही दोन तासांच्या चित्रपटात मावणारी नव्हेत. स्फूर्ती घेणाराने मात्र तीही हिशेबात धरली पाहिजेत.

व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ या दृष्टीने आठवतो. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे १९३९ साली कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली होती. तेथे कैदी भिंतींवाचून राहात व शेती करीत. त्या प्रयोगावरून हे कथानक सुचले. त्यातील तुरुंगाधिकारी सहा खुनी कैद्यांस ओसाड माळावर नेतो, तेव्हा त्यांची जबाबदारी तो स्वतःच्या शिरावर घेतो. उदात्त कल्पना त्याची आणि जोखीमही त्याचीच. म्हणून तो चित्रपट मनात घर करतो. शिवाय आधी माळावर कोणी खरोखरच नांगर धरला, मग त्याचा चित्रपट झाला, हा क्रमही विसरू नये.

तेव्हा मुलांनी चित्रपट पाहू नयेत, असे आम्ही सांगणार नाही. चित्रपट पाहून काही मोठे करावे असे वाटल्यास ते शुभच आहे. फक्त त्या रात्री निजण्यापूर्वी आपणच आपणांस दोन प्रश्न विचारावे. उद्या सकाळी माझे श्रम वाढणार आहेत की घटणार आहेत? आणि माझ्या या निश्चयाचा भार ज्यांच्यावर पडेल त्यांस मी विचारले आहे काय? दोन्हींची उत्तरे ताठ मानेने देता आली, तर वडीलधाऱ्यांनीही आढेवेढे न घेता आशीर्वाद द्यावा. न देता आली, तर सकाळी हातातलेच काम थोडे अधिक चोख करावे. लेथवरचा तुकडा केसभर चुकला तर कोणी पाहात नसतानाही तो बाजूस काढावा. ज्यास हे साधले, त्याने चित्रपटाचे तिकीट सार्थकी लावले असे आम्ही समजू.