मोकळिकीचें माप

माणसांनीं एकमेकांशीं बांधलेलें असावें, पण जखडलेलें नसावें, असें सर्वच म्हणतात. परंतु बंधन कोठें संपावें आणि मोकळीक कोठें सुरू व्हावी, असें विचारलें कीं 'सुवर्णमध्य' हा शब्द पुढें येतो. आणि तो उच्चारल्यावर अधिक विचार करण्याचें कारण उरत नाहीं. या प्रश्नाचें जरा नेमकें उत्तर आम्हांस एका जुन्या मोटारसायकलीच्या रचनेंत आढळतें. वाचकांस हें ठिकाण विचित्र वाटेल. पण यंत्राला गोड बोलून फसवितां येत नाहीं, म्हणून त्याची साक्ष ऐकण्यासारखी असते.

इंग्लंडमधील नॉर्टन कंपनीनें १९६७ सालीं 'कमांडो' ही मोटारसायकल पुढें आणली. तिच्या इंजिनाचे दोन्ही दट्टे एकाच वेळीं वर जातात व एकाच वेळीं खालीं येतात; त्यामुळें मोठी थरथर त्याला उपजतच आहे. असें इंजिन सांगाड्याला घट्ट आवळलें, तर ती थरथर थेट स्वाराच्या हातापायांपर्यंत पोहोंचते. म्हणून नॉर्टनच्या अभियंत्यांनीं इंजिन, गिअरपेटी आणि मागचें चाक हीं एकत्र जोडून तो सगळा भाग रबराच्या आधारांवर बसविला. या रचनेस 'आयसोलॅस्टिक' असें नांव आहे. तींत इंजिनाला वरखालीं व मागेंपुढें हलण्यास वाव आहे. आडवें मात्र त्यानें हलूं नये, म्हणून आधाराच्या बाजूस अगदीं बारीक फट ठेविलेली असते. कारखान्यानें तिचें माप ०.०१० इंच सांगितलें होतें.

सगळें मर्म या फटींत आहे. ती बुजली, तर रबर असूनहि थरथर सांगाड्यांत उतरते आणि सर्व खटाटोप फुकट जातो. ती वाढली, तर मागचें चाक पुढच्या चाकाची रेषा सोडतें आणि वळणावर गाडी डोलूं लागते. तेथें स्वाराच्या जिवाशीं गांठ असते.

यावरून पहिली गोष्ट ही दिसते कीं, मोकळीक किती, हें ठरविण्याआधीं ती कोणत्या दिशेला, हें ठरवावें लागतें. वयांत आलेल्या मुलाला व्यवसाय वा जोडीदार निवडण्याची मोकळीक आणि दिलेला शब्द मोडण्याची मोकळीक, या दोन्ही एका मापानें मोजावयाच्या नव्हेत. आमच्या घरांत पुष्कळदां उलटेंच घडतें. कपडे, केस, स्नेहीसोबती यांवर करडी नजर असते. घरकाम करणाऱ्या बाईशीं मूल उद्धटपणें बोललें, तर मात्र 'अजून लहान आहे' म्हणून डोळेझाक होते. जेथें रबर हवें तेथें बोल्ट, आणि जेथें अटकाव हवा तेथें पोकळी!

दुसरें असें कीं, ही गाडी उभी असतां तिचें इंजिन उघड उघड हलतांना दिसतें. अजाणत्यास ती बिघडलेली वाटते. पण वेग घेतला कीं स्वाराला थरथर जवळजवळ जाणवेनाशी होते. ज्या घरांतून मतभेद ऐकूं येतात तें घर मोडलें, असें समजणारांनीं हें ध्यानांत ठेवावें.

परंतु सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. एकदां बसविलेलें माप टिकत नाहीं. वॉशर झिजतात, धूळ व गंज सांचतो. पहिल्या गाड्यांत माप बदलावयाचें म्हणजे आधार सोडवून पातळ चकत्या घालाव्या वा काढाव्या लागत. १९७५ सालच्या नमुन्यांत आटे फिरवून फट जुळविण्याची सोय झाली; श्रम कमी झाले, तपासणी मात्र सुटली नाहीं. मुलाला दहाव्या वर्षीं दिलेली मोकळीक विसाव्या वर्षीं पुरत नाहीं. आणि आईबापांना साठाव्या वर्षीं सुखाची वाटलेली मोकळीक ऐंशीव्या वर्षीं नुसता एकटेपणा ठरूं शकते. 'आम्ही कोणाच्या मध्यें पडत नाहीं' असें म्हणून जो पुन्हा वळून पाहत नाहीं, त्यानें स्वातंत्र्य दिलेलें नसतें. फक्त लक्ष काढून घेतलेलें असतें.

माणसें म्हणजे यंत्रें नव्हेत, हा आक्षेप खरा आहे. त्यांच्यासाठीं कोणताहि कारखाना माप छापून देत नाहीं, आणि एकानें पाना हातीं घेऊन दुसऱ्याला जुळवावें, हेंहि न्याय्य नव्हे. फट दोघांच्या मधली असते; ती मोजावयाची तर दोघांनाहि बोलावें लागतें. तेवढे कष्ट घेण्याची तयारी नसेल, तर आपण आपल्या उदारपणाचा उल्लेख न करणेंच बरें.